माझी इवलीशी वावडी

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्याकडे हळदीकुंकवाला कुणी ना कुणी येतच असतं. आलेली बाई सोफ्यावर टेकते, तिळगूळ हातात घेते आणि तिची नजर जाते ती हॉलच्या खिडकीकडे. तिथे दोऱ्यावर ओळीने माझे पतंग टांगलेले असतात. सगळ्यात मोठा माझ्या तळहाताएवढा, सगळ्यात धाकटा पोस्टाच्या तिकिटाहून थोडा मोठा. सोनेरी, मोरपंखी, बांधणीच्या ठिपक्यांचे, जरीच्या वेलबुट्टीचे.

"अय्या, कित्ती गोड! तुम्ही केलेत?" हा पहिला प्रश्न.

"विकता का हो?" हा दुसरा.

"नाही" म्हटलं की तिसरा, "मग क्लास घेता का?"

तेही नाही म्हटलं की समोरच्या चेहऱ्यावर जरा गोंधळ दिसतो. "मग करता कशाला?" हा चौथा प्रश्न. तो सगळ्याच जणी तोंडाने विचारत नाहीत, पण डोळ्यांत दिसतो. खरं सांगायचं तर या चौथ्या प्रश्नाचं उत्तर मलाही बरीच वर्षं देता येत नव्हतं. मध्यंतरी त्याला घाबरून मी एक चूक करून बसले. आज तेच सगळं सांगायचं आहे.

माझं बालपण जुन्या नाशकातल्या एका वाड्यात गेलं. नाशिककडे, येवल्याकडे संक्रांत म्हणजे आधी पतंग आणि मग बाकी सगळं. येवल्याला तर भोगी, संक्रांत आणि कर असे तिन्ही दिवस गाव गच्चीवर असतं. आमच्या वाड्यातही सकाळपासून पोरं पत्र्यावर चढलेली असायची. कुणाचा पतंग कापला गेला की "गई बोला रे धिन्नाऽऽ" अशी आरोळी उठायची.

मीही असायचे पत्र्यावर. पण माझ्या हातात पतंग नसायचा, फिरकी असायची. दादा पतंग उडवायचा आणि मी त्याच्या मागे फिरकी धरून उभी. "ढील दे" म्हटलं की हात सैल सोडायचे, "गुंडाळ" म्हटलं की भराभर गुंडाळायचं. एकदा मी म्हटलं, "दादा, मला पण दे ना थोडा वेळ." दादाने दिलाही असता, तो काही वाईट नव्हता. पण खालून आजी ओरडली, "अगं, बोट कापून घेशील. उद्या सासरी काय दाखवशील?" वाड्यातल्या सगळ्याच मुली फिरकीवाल्या होत्या. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही. पुढे मी तो प्रसंग विसरूनही गेले.

मी पुण्यात वस्तीतल्या एका महिला सल्ला केंद्रात आठवड्यातून चार दिवस काम करते. घरातली भांडणं, मारहाण, दारू, पोटगी असे प्रश्न घेऊन बायका येतात. बोलायचं कमी आणि ऐकायचं जास्त, असं ते काम. २०१८ सालची गोष्ट. आम्ही दोन्हीकडच्यांची समजूत घालून नवऱ्याकडे परत पाठवलेली एक मुलगी तीन आठवड्यांनी पुन्हा आमच्या दारात उभी राहिली. हात प्लास्टरमध्ये होता. ती मला काहीच बोलली नाही, नुसती बसून राहिली. त्या रात्री मला झोप येईना. स्वयंपाकघरात उगाच दिवा लावून बसले. टेबलावर कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका पडली होती, आत तलम सोनेरी कागद. हाताला चाळा म्हणून मी तो कागद चौकोनी कापला. देवघरातून अगरबत्तीच्या विझलेल्या दोन काड्या आणल्या, एक उभी चिकटवली, एक आडवी. झाला पतंग!

फार ओबडधोबड होता तो. पण घड्याळ पाहिलं तर चाळीस मिनिटं गेली होती, आणि त्या चाळीस मिनिटांत माझ्या डोक्यात दुसरं काही आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ओटा आवरून झाल्यावर पुन्हा बसले. मग तिसऱ्या दिवशीही. तेव्हापासून रोज एक पतंग, असा नेमच झाला.

पहिले काही दिवस घरात थट्टा झाली. सासूबाई म्हणाल्या, "कागदाचा कचरा नुसता." यांनी विचारलं, "संक्रांतीला अजून आठ महिने आहेत, माहीत आहे ना?" पण महिनाभरातच सासूबाई पूजा झाल्यावर अगरबत्तीच्या काड्या पुसून एका डबीत ठेवू लागल्या. न बोलता ती डबी माझ्या टेबलावर यायची. घरातला कागद टाकायच्या आधी लेक विचारायची, "आई, हा तुला हवाय का?"

आता जरा कृतीविषयी, कारण वाचणाऱ्या मैत्रिणी ते विचारणारच.

कागद विकतच आणावा लागतो असं नाही. लग्नपत्रिकेच्या आतला तलम कागद, साडीच्या खोक्यातला कागद, भेटवस्तूचं वेष्टन, दिवाळीच्या आकाशकंदिलातून उरलेला जिलेटिनचा तुकडा, सगळं चालतं. हौस असेल तर रविवार पेठेत बोहरी आळीत एक चक्कर मारावी, रंगीबेरंगी तावांनी डोळे दिपतात. शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० साली सुरू झालेली. तिथले फुलांच्या पाकळ्या घातलेले कागद तर हातातून सोडवत नाहीत.

चार सेंटिमीटर बाजूचा चौरस कापायचा. तो एका कोपऱ्यावर उभा धरायचा. अगरबत्तीची काडी ब्लेडने उभी चिरून अर्धी करायची, ती कण्यासारखी वरपासून खालपर्यंत चिकटवायची. आडव्या काडीला बाक हवा, तिथे अगरबत्तीची काडी मोडते. त्यासाठी फूलझाडूच्या टोकाची बारीक काडी घ्यावी, पाण्यात तासभर भिजवावी, म्हणजे ती धनुष्यासारखी वाकते. तिची दोन टोकं पतंगाच्या दोन बाजूंच्या कोपऱ्यांवर टेकवायची आणि वर कागदाच्या चिमुकल्या पट्ट्या लावायच्या. खाली शेपटी. चिकटवायला मी मैद्याची खळ वापरते, कारण बाटलीतला गोंद पटकन जास्त येतो आणि तलम कागद आकसतो. टाचणीच्या टोकावर जेवढी राहील तेवढी खळ पुरे.

एवढंच. पण हात बसायला मला सहा महिने लागले. सुरुवातीला कागद फाटायचा, काडी मोडायची, एक बाजू लांब व्हायची. आणि गंमत म्हणजे मला त्याचा राग येत नसे. दिवसभरातली ही एकच गोष्ट अशी होती, जी चुकली तरी कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

कपाटात पतंगांचे डबे साठू लागले. ओळखीत कुणाचं बोरन्हाण असलं की मी मूठभर पतंग देऊन यायचे. काळं झबलं, हलव्याचे दागिने आणि मागे पडद्यावर रंगीत पतंग, फोटो फार छान यायचे. मग ते तीन प्रश्न वाढले. "विका ना!", "अहो, केवढी कला आहे हातात, वाया घालवताय." 'वाया' हा शब्द मला लागला. आपल्याकडे बाईने केलेल्या गोष्टीचा काही तरी उपयोग व्हावाच लागतो. लोणचं घाला, ते घरात खातात. स्वेटर विणा, तो कुणाला तरी होतो. नुसतं आपल्याला बरं वाटतं म्हणून काही करणं, तेही रोज, हे मलाच चोरी केल्यासारखं वाटू लागलं.

म्हणून मी त्याला उपयोग चिकटवला. वस्तीत आमचा आठ जणींचा एक बचत गट होता. त्यांना मी पतंग शिकवले. एका दुकानदाराने संक्रांतीच्या सजावटीसाठी सहाशे पतंगांची ऑर्डर दिली, नगाला पाच रुपये. तीन हजार रुपये! आम्ही सगळ्या खूश. मी तर जास्तच, कारण आता माझ्याकडे चौथ्या प्रश्नाचं उत्तर होतं.

त्या दीड महिन्यात आमची जी धावपळ झाली ती विचारू नका. धुणीभांडी करून आलेल्या बायका रात्री चाळीस वॅटच्या उजेडात काड्या चिरत बसायच्या. डोळ्यांतून पाणी यायचं, बोटांना ब्लेड लागायचं. मी मात्र "अगं, टोक नीट जुळव", "हा वाकडा झाला" करत त्यांच्यामधून फिरायचे. पतंग दिले. दुकानदाराने दोनशेवीस परत केले, "एकसारखे नाहीत" म्हणून. हाताने केलेली वस्तू एकसारखी कशी असेल? पण तसं आधी ठरलं नव्हतं, आणि लेखी तर काहीच नव्हतं. ही चूक माझीच. उरलेल्यांचे एकोणीसशे रुपये होळीनंतर मिळाले. त्यातून सामानाचे सहाशे वजा केले, आठांनी भागले. प्रत्येकीच्या वाट्याला १६२ रुपये आले.

पैसे वाटताना मान वर करवत नव्हती. त्यातली एक जण, कधी फार न बोलणारी, नोटा दुमडून कनवटीला लावत म्हणाली, "ताई, राग मानू नका. तुमचा छंद आमच्याकडं येऊन मजुरी झाला. आणि मजुरीच करायची तर भांडी घासून याच्यापेक्षा जास्त मिळतात."

ती भांडली नव्हती. खरं तेच बोलली होती. त्या रात्री मी टेबलाशी बसले, कागद पुढ्यात घेतला, पण हात चालेना. पुढे तीन महिने मी एकही पतंग केला नाही.

नंतर वाचताना समजलं की हे काही फक्त आमच्या गटाचं दुखणं नाही. अहमदाबादला जमालपूरसारख्या भागांत घरोघरी पतंग बनतात. एकीने कागद कापायचा, दुसरीने काडी चिकटवायची, तिसरीने कडेला दोरा घालून दुमडायचा. कितीतरी बायकांच्या हातांतून एक पतंग तयार होतो, आणि मोबदला मिळतो तो नगावर, किरकोळ. आभाळ बघणाऱ्यांना ते हात दिसत नाहीत. मला एकदम वाड्यातली फिरकी आठवली. कितीतरी वर्षांनी.

आमचा गट पुढे चपात्यांच्या ऑर्डरी घेऊ लागला. ते त्यांनीच ठरवलं, भावही त्यांनीच ठरवला आणि आजही ते नीट चालू आहे. परत आलेले दोनशेवीस पतंग मात्र खोक्यात भरून केंद्रातल्या कपाटावर पडून होते.

एक दिवस ती खरं बोलणारी बाई आली, बरोबर तिची सहावीतली मुलगी. आईचं काम होईपर्यंत पोरीने खोकं खाली काढलं आणि एकेक पतंग उलटसुलट करून पाहू लागली. मग म्हणाली, "मावशी, यातला एखादा उडतो का?"

मी गप्प. शेकडो पतंग केले होते, पण तो उडतो का, हे एकदाही बघितलं नव्हतं!

आम्ही दोघींनी तिथेच एकाला दोरा बांधून पाहिला. तो सरळ खाली. दुसरा, तिसरा, दहावा, सगळे जमिनीवर. पोरगी हसली, पण माझ्या मनाने ते घेतलं. त्या रात्री तीन महिन्यांनी मी पुन्हा टेबलाशी बसले.

मग कळलं की लहान पतंग उडवणं मोठ्यापेक्षा अवघड असतं. पतंगाची बाजू निम्मी केली की कागद निम्मा होत नाही, पाव होतो. म्हणजे वारा धरायला जागा पाव उरते. काडी मात्र तेवढीच जाड ठेवली तर तिचं वजन निम्मंच कमी होतं. म्हणजे पतंग लहान होत जातो तशी काडी त्याला जड होत जाते. कागदाचंही तसंच. झेरॉक्सच्या ८० जीएसएमच्या कागदाचा दहा सेंटिमीटरचा चौरस पाऊण ग्रॅमहून थोडा जास्त भरतो, २० जीएसएमच्या तलम कागदाचा त्याच्या पाव. माझे ते देखणे हातकागद उडण्यासाठी नव्हतेच, ते खिडकीत शोभणारे. लग्नपत्रिकेतला बिचारा साधा तलम कागदच खरा उडणारा निघाला.

काडी ब्लेडने तासून तासून उजेडात आरपार दिसेल इतकी बारीक केली. आडव्या काडीला मागे बाक दिला, कारण पसरलेल्या पंखांसारखा तो बाकच पतंगाला तोलून धरतो. शेपटी पतंगाच्या सहापट लांब, पण पापुद्र्यासारखी हलकी. दोऱ्याने पुन्हा घोळ घातला. शिवणाचा दोराही त्याला जड! शेवटी भरतकामाच्या रेशमाची एकच तार सुटी करून घेतली. पतंगाच्या छातीवर जिथे दोरा बांधतात ती कन्नी. ती दोन मिलिमीटर खाली गेली की पतंग उठतच नाही, जास्त वर गेली की नुसता फडफडतो. एका बाजूला खळीचा एक थेंब जादा पडला तर त्या बाजूला गोता खातो. मोठ्या पतंगात खपून जातं ते छोट्यात खपत नाही.

जुन्या मराठीत पतंगाला 'वावडी' असा शब्द आहे. आपण वावड्या उठल्या म्हणतो, त्या याच. पतंग म्हटलं की 'तो', पण वावडी म्हटलं की 'ती'. मला हा शब्द फार आवडला. जी वावडी उठते, तिला आपण अफवा म्हणून बदनाम केलं, एवढंच!

शेवटी एका रविवारी वस्तीतल्या समाजमंदिरात आम्ही जमलो. मी, ती मुलगी, तिची आई आणि धाकटा भाऊ. बाहेर वारा फार होता, इतक्या लहान पतंगाला तो झेपत नाही. पंखे बंद केले. हातभर काठीच्या टोकाला रेशमाची तार, तारेला सोनेरी पतंग. पोरीला म्हटलं, "पळू नकोस, नुसती चाल. पाणी भरलेली कळशी घेऊन चालतेस तशी."

ती चालू लागली. पतंग फरशीवरून घसटला, एकदा डोलला आणि उठला. आधी तिच्या गुडघ्याएवढा, मग खांद्याएवढा, मग डोक्यावर. आवाज नाही, काही नाही. ती हॉलच्या टोकाला जाऊन वळली, आणि तोही तिच्या मागून वळला. तिची आई भिंतीला टेकून उभी होती. तोंडावर पदर धरून हसत होती की काय, मला कळलं नाही.

तेवढ्यात धाकट्याने हात पुढे केला, "मला दे! मला दे!" आणि आईच्या तोंडून सवयीने निघालंच, "दे गं भावाला."

मी काही बोलणार इतक्यात पोरगीच म्हणाली, "देते. पण माझ्या दहा फेऱ्या झाल्यावर. तोवर तू हे धर." आणि तिने जादा रेशमाची गुंडी त्याच्या हातात ठेवली. तो मुकाट गुंडी धरून तिच्या मागे चालू लागला. आई काहीच बोलली नाही. मीही नाही. फक्त फेऱ्या मोजत राहिले.

त्या दिवसापासून पुन्हा रोज एक पतंग सुरू झाला. काही खिडकीत शोभणारे, काही उडणारे. नायलॉन मांजावर २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने देशभर बंदी घातली, तरी दर संक्रांतीला चिरलेल्या गळ्यांच्या आणि पंख तुटलेल्या पक्ष्यांच्या बातम्या येतातच. माझ्या पतंगाला मांजा लागत नाही, तो कुणाचा काही कापत नाही. तो विकलाही जात नाही. केंद्रातलं दुःख त्याने कमी होत नाही, हेही मला माहीत आहे. प्लास्टरमधल्या हाताची ती मुलगी आता स्वतंत्र राहते, ते तिच्या हिमतीने आणि कोर्टाच्या आदेशाने, माझ्या पतंगामुळे नव्हे. पण दुसऱ्या दिवशी तिच्यासारख्या आणखी कुणाचं ऐकायला मी ताजी होऊन जाऊ शकते, ते काही अंशी त्या चाळीस मिनिटांमुळे. उपयोगच विचारायचा तर एवढाच. आणि नसता तरी मी केलेच असते.

यंदा हळदीकुंकवाला शेजारच्या इमारतीतल्या एक आजी आल्या होत्या. वय पंच्याहत्तरच्या पुढे, गुडघे दुखतात म्हणून काठी टेकत आलेल्या. तीन प्रश्न झाले, चौथाही त्यांनी तोंडाने विचारला, "मग करतेस तरी कशाला गं?"

मी उत्तर दिलं नाही. खिडकीतला एक उडणारा पतंग सोडवला आणि त्याची काठी त्यांच्या हातात दिली. म्हटलं, "जरा स्वयंपाकघरापर्यंत चालून या."

त्या हॉलमधून हळूहळू निघाल्या. एका हातात आधाराची काठी, दुसऱ्या हातात पतंगाची. चार पावलांवर पतंग उठला. स्वयंपाकघराच्या दारापाशी त्यांनी वळून वर पाहिलं, म्हणाल्या, "आमच्या भावाची फिरकी मी कितीतरी वर्षं धरली गं."

आणि परत यायच्या ऐवजी त्या पुन्हा एकदा स्वयंपाकघरातून फेरी मारून आल्या.